रंधा नको म्हणताच सुतारकाका चिडले

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेला धातू ओतायला वाळूचे साचे भरायचं काम करतो. शेतातल्या जुन्या पंपाचं ॲल्युमिनियमचं फुटकं झाकण घेऊन एक गिऱ्हाईक आलं. एका नगासाठी मोठी फाउंड्री हात लावत नाही, आणि साच्याची वाळू धरणारे आमचे लोखंडी बॉक्स दुसऱ्या कामात अडकलेले. म्हटलं, लाकडी बॉक्स करू. शेजारचे सुतारकाका आले.

पॅकिंगच्या पेटीची इंची पाइनची फळी काढली. सागवान घालण्यात अर्थ नव्हता. सांडलेल्या धातूनं कडा आज ना उद्या करपणारच. झाकण सहा इंची, म्हणून आतून दहा बाय दहा. चारी बाजूंनी दोन इंच वाळू राहिली पाहिजे. ओल्या वाळूपुढं फेव्हिकॉल टिकत नाही, सांधे स्क्रूनं आवळायचे.

"आतनं रंधा मारू नका, काका."

"मग सुतार कशाला बोलावलास? गवंडी बोलवायचा!"

चिडले. करवतीचे ओरखडे राहिलेलं काम आपल्या हातून बाहेर जातंय, हेच त्यांना सोसेना. पण गुळगुळीत लाकडावर वाळू धरत नाही. कोप, म्हणजे बॉक्सचा वरचा अर्धा भाग, उचलला की अख्खा गठ्ठा खाली. उलट मीच आतून चारी बाजूंना बोटभर रुंद खाच मारायला लावली. ती त्यांनी तोंड फिरवूनच मारली.

बॉक्सचे वरचे-खालचे भाग जुळवणाऱ्या खुंट्यांच्या वेळी मात्र त्यांचा हात बघावा! एका अंगाला दोन, समोर एक, म्हणजे कोप उलटा बसायलाच नको. खुंटी बोटानं सहज जाते, पण बॉक्स हलवला तर खडखड नाही. झाकणाचा बॉस, म्हणजे वर आलेला जाड उंचवटा, कोपमध्ये येणार होता, त्यामुळं केसभर सरकलं तरी तो एका अंगाला गेला असता.

फुटकं झाकणच जोडून पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, केला. बॉस कापून डॉवेलवर, म्हणजे बारक्या खुंटीवर, सुटा बसवला. ॲल्युमिनियम थंड होताना सव्वा-दीड टक्का आखडतं, म्हणून कडेनं लांबीचा (पुट्टीचा) थर चढवला. वाळू मुठीत दाबून मोडली, तर स्वच्छ दोन तुकडे. ठोकून भरली.

"मी उचलतो," काका म्हणाले. कोप छातीपर्यंत नेला, खाली वाकून आत बघितलं. बॉसचा खड्डा जसाच्या तसा. एक कणही पडला नव्हता.

रस ओतला तेव्हा नुसती वाफ निघाली, लाकडाला डागसुद्धा नाही. काका झाकण उलटंपालटं करत म्हणाले, "रंधा मारला न्हाई म्हणून मजुरी कापायची न्हाई हं."

खाच मारल्याचे वीस रुपये वरती घेऊन गेले.