एक चाक गळतं, काम चारही चाकांचं

शनिवार, रात्र

माझ्या जुन्या पद्मिनी गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम अखेर सुटला. वर्षानुवर्षांच्या झिजेने आतल्या बाजूला काठ तयार झाला होता आणि ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, त्यात अडकत होते. शू आत-बाहेर करणारा ॲडजस्टर पूर्ण मागे घेतला, लाकडी हातोड्याने गोल फिरत ठोकत राहिलो, तेव्हा कुठे हलला. आत चिखल. फुंकर मारायचा मोह आवरला, कारण जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा रबरी बूट बोटाने उचलला तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं. पिस्टन बाहेर काढून आतून नख फिरवलं. दोन ठिकाणी नख अडकलं, म्हणजे गंजाचे खड्डे. अशा सिलिंडरमध्ये नवं रबर किट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. खड्ड्यावरून घासून पिस्टनचा नवा रबरी वॉशरही फाटणार. सिलिंडरच नवा हवा. लायनर ऑइल पिऊन काळे पडलेत. ते रॉकेलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवणारे महाभाग आहेत. पण तापला की तोच लायनर प्यायलेलं ऑइल पुन्हा बाहेर सोडतो, ते चाक धरत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. म्हणून लायनर बदलायचे तर डावे-उजवे जोडीने.

संध्याकाळी मिस्त्री डोकावून गेला. "साहेब, एकच सिलिंडर गेलाय. किट टाका, लाइनमधली हवा काढा, पळवा गाडी. एवढा पसारा कशाला?" रोज गावात फिरणाऱ्या गाडीला तो हेच सांगतो आणि त्याचं गिऱ्हाईकही खूश असतं. पण माझ्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून ऑइलची एकच लाइन. कुठलाही एक वॉशर फाटला की चारही चाकांचा दाब जातो. हातात उरतो फक्त हँडब्रेक. बाकीचे सिलिंडरही याच वयाचे, तेच ऑइल प्यायलेले. त्यांना वेगळं का समजायचं?

आणि ते ऑइल! बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतून काढलं तर काळपट तपकिरी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल ताजं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी 140 वर येते. नाशकातल्या नाशकात द्वारका ते पंचवटी करताना हे कधीच कळणार नाही. कसारा घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर राहिला, ड्रम तापले की कळेल. ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल जमिनीला टेकतं. जुन्या गाडीचे लोक आधी रंगाचं आणि क्रोमचं बघतात. मला ते पटत नाही. गाडी बंद पडली तर ढकलता येते.

रबरी होस पाइपही बदलतोय. बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगून वाट अडवतात. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत मात्र येत नाही. चाक चिकटून राहतं आणि दोष शूच्या स्प्रिंगला लागतो.

रविवार

ड्रम अंबडच्या लेथवरून परवाच आलेत, मागचा डावा तेवढा उरलाय, तो उद्या. तोवर पुढच्या दोन चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घेऊ म्हटलं. मदतीला आई. तिने आयुष्यात गाडी चालवली नाही, पण "पंप मार, दाबून धर, मी सांगेपर्यंत सोडू नकोस" एवढं तिला पुरलं. सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. निपल सैल केला की बुडबुडे, घट्ट केला की मग पाय वर. आधी पाय उचलला तर हवा परत आत.

"अरे, कणकेच्या गोळ्यावर पाय दिल्यासारखं लागतंय."

म्हणजे अजून हवा आहे. मीटर लावूनही याहून नेमकं कळलं नसतं. डबीत ऑइल भरत राहिलो, बुडबुडे थांबले. पॅडल थोडं वर आलं, तरी पुरेसं टणक नाही. मागची लाइन तात्पुरती बुच मारून बंद केली आहे. हवा तिथेच अडकली असावी. मागचं जोडल्यावर सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून पुन्हा सुरुवात करावी लागणार.

मडगार्डवर चार थेंब सांडले होते, ते लगेच पाण्याने धुतले. हे ऑइल रंग सोलून काढतं.

आई विचारत होती, सप्तशृंगीला कधी नेतोस. आधी गंगापूर रोडला, पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, वीसच्या वेगाने. गाडी सरळ थांबली तर बघू. उद्या ड्रम, मागचे नवे सिलिंडर आणि तांब्याचे वॉशर आणायचे. जुने वॉशर परत वापरायचे नाहीत.