लष्करी करारांचा नकाशा काढताना

जालन्यातील एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात लष्करी युत्यांचा जो नकाशा नेहमी पाहायला मिळतो, त्यात एका गटातील सर्व देश एकाच रंगाने भरलेले असतात. तो रंग पाहून विद्यार्थी असे गृहीत धरतात की गटातील प्रत्येक देश दुसऱ्या प्रत्येक देशासाठी, जगात कोठेही, युद्धात उतरण्यास बांधील आहे. प्रत्यक्ष करारांचा मजकूर असे सांगत नाही. मजकुराशी प्रामाणिक राहणारा नकाशा वर्गासाठी आपणच तयार करावा, या हेतूने मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातील जिओपांडाज ही भौगोलिक माहिती हाताळणारी लायब्ररी शिकू लागलो.

या कामाला दोन गोष्टी लागतात: देशांच्या सीमांची फाइल आणि करारांचा तक्ता. सीमांसाठी नॅचरल अर्थ हा सर्वांना मोफत वापरता येणारा संच आहे. तो १ : १ कोटी, १ : ५ कोटी आणि १ : ११ कोटी अशा तीन प्रमाणांत मिळतो. त्यातील सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार आखलेल्या असल्याने भारताची बाह्यरेषा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे घ्यावी लागते. करारांसाठी ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ या प्रकल्पाचा संच उपयोगी पडतो. त्यात १८१६ ते २०१२ या काळातील औपचारिक करार असून संरक्षणाचे, तटस्थतेचे, अनाक्रमणाचे आणि केवळ विचारविनिमयाचे करार वेगवेगळे नोंदवलेले आहेत.

सीमा आणि करार यांची सांगड देशाच्या कोडवरून घातली जाते आणि येथे फार डोळसपणे पाहावे लागते. नॅचरल अर्थच्या तक्त्यात तीन अक्षरी आयएसओ कोडच्या (देशांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण संकेतांच्या) रकान्यात फ्रान्स आणि नॉर्वे यांच्यासमोर कोडऐवजी उणे ९९ असा आकडा असतो. प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता चालतो, आणि नाटो या लष्करी युतीच्या १९४९ च्या बारा संस्थापकांपैकी हे दोन देश नकाशावर कोरे राहतात. त्याच तक्त्यातील दुसरा, प्रशासकीय कोडचा रकाना वापरला की ते परत येतात. प्रत्येक जोडणीनंतर कोणत्या ओळी सुटल्या याची यादी छापून पाहावी, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

फ्रान्सला रंग मिळाला की याहून महत्त्वाचा प्रश्न समोर येतो. या संचात दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना हा फ्रान्सच्याच आकृतीचा एक तुकडा आहे, त्यामुळे ब्राझीलच्या शेजारीही नाटोचा रंग उमटतो. परंतु नाटोच्या कराराचे कलम ६ संरक्षणाचे क्षेत्र स्पष्टपणे मर्यादित करते: युरोप व उत्तर अमेरिकेतील सदस्यांचा भूभाग, तुर्कस्तान आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील उत्तर अटलांटिक प्रदेशातील बेटे. फ्रेंच गयाना त्यात बसत नाही, आणि अमेरिकेचे राज्य असूनही हवाईसुद्धा बसत नाही. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले, ते युद्धही या क्षेत्राबाहेरचे होते; शिवाय अमेरिका एकीकडे ब्रिटनबरोबर नाटोत, तर दुसरीकडे अर्जेंटिनाबरोबर अमेरिका खंडांतील देशांच्या १९४७ च्या रिओ या परस्पर संरक्षण करारात होती. म्हणून मी अनेक तुकड्यांची आकृती ‘एक्स्प्लोड’ या आज्ञेने सुटी करतो, कलम ६ मध्ये बसणारे तुकडेच गडद भरतो आणि उरलेल्यांना फिकट रंग देतो. एका सदस्यावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणाऱ्या कलम ५ चा दरारा सर्वांना माहीत असतो. कलम ६ नकाशावर दिसल्याशिवाय फारसे कोणी वाचत नाही.

तरीही देश रंगवून एक गोष्ट दाखवता येत नाही. अमेरिकेचे फिलिपिन्सशी व जपानशी १९५१ मध्ये आणि दक्षिण कोरियाशी १९५३ मध्ये संरक्षणविषयक करार झाले. जपानशी झालेल्या कराराची जागा १९६० मध्ये नव्या कराराने घेतली. या चारही देशांना एकच रंग दिला, तर जपान आणि दक्षिण कोरिया परस्परांशीही बांधलेले भासतात, पण त्या दोघांमध्ये असा संरक्षण करार नाही. करार हा दोन देशांमधला संबंध आहे, तेव्हा त्यासाठी दोन राजधान्यांना जोडणारी रेषा हवी. रेषा काढायची तर पृथ्वीचा गोलावा ध्यानात घ्यावा लागतो. साध्या सपाट नकाशावर वॉशिंग्टन-टोकियो रेषा अटलांटिक आणि संपूर्ण आशिया ओलांडून जाते, तर खरा जवळचा मार्ग अलास्कावरून जातो. पायप्रोज या लायब्ररीतून त्या मार्गावरील बिंदू काढता येतात.

रेषेला प्रकारही देता येतो. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारातील नववे कलम हल्ल्याच्या किंवा त्याच्या धोक्याच्या वेळी तातडीने विचारविनिमय करण्याचे बंधन घालत होते, सैन्य पाठवण्याचे नव्हे. म्हणून ती रेषा मी तुटक काढतो.

करार समसमान नसला तर रेषेला बाणही हवा, आणि हे मराठवाड्यातील मुलांना लगेच कळते. हैदराबादच्या निजामाने १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज (त्याच्या खर्चाने त्याच्या राज्यात राहणारे कंपनीचे सैन्य) स्वीकारली. १८०० मध्ये तिच्या खर्चापोटी बळ्ळारी-कडप्पाकडील प्रदेश तोडून दिला आणि कंपनीला डावलून इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे बंधनही पत्करले. आमच्या जिल्ह्यातील असईची लढाई कंपनी आणि मराठे यांच्यातील ज्या १८०३ च्या युद्धात झाली, त्यात कंपनीचा सेनाधिकारी स्टीव्हन्सन याच्या हाताखालची हैदराबादची तैनाती फौज कंपनीच्या बाजूने उतरली होती. निजाम आणि कंपनी यांना एकाच रंगात दाखवणारा नकाशा या संबंधाचे सारच पुसून टाकील.

काळाचा प्रश्न उरतो. सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील गटाचा १९५५ चा वॉर्सा करार आजच्या सीमांवर काढला, तर पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया सापडतच नाहीत. सीशेप्स या संचात १८८६ पासूनच्या बदलत्या सीमा आहेत, त्यामुळे विसाव्या शतकाचे काम भागते. १७९८ साठी त्याचा उपयोग नाही. म्हणून निजामाच्या राज्याच्या एका जुन्या नकाशाची स्कॅन प्रत मी सध्या क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश-रेखांशांवर बसवतो आहे. त्यासाठी दौलताबाद, औसा, उदगीर आणि परांडा येथील किल्ले पक्के बिंदू म्हणून घेतले आहेत. ती सीमा तयार झाली की १८०० मध्ये गेलेला प्रदेश वेगळ्या छटेत दाखवता येईल आणि कलकत्त्याहून हैदराबादकडे येणारी बाणाची रेषाही तिच्यावर आखता येईल.