नाचणीचं सत्त्व आणि जव्हारकडच्या मावशी

आज जव्हारकडच्या मावशींचं पार्सल आलं. नाचणीचं सत्त्व, आणि आंबिलीसाठी थोडं जाडसर पीठ. आमची ओळख व्हॉट्सॲपवरचीच, प्रत्यक्ष भेट अजून नाही. पण लेकाला पहिला दात आला तेव्हा फोटो आधी मावशींना गेला, मग घरच्या ग्रुपवर. हे नातं मला अगदी खरं वाटतं.

मावशी नाचणी रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवून दळतात, वस्त्रगाळ करतात. "असं केलं की बाळाला पचतं बघा ताई," एवढंच सांगतात. यामागचं विज्ञान फार सुंदर आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. पण सोबत फायटिक आम्लही असतं, ते कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं. मोड येताना फायटेज नावाचं विकर कामाला लागतं आणि ती पकड सैल होते. आंबील आंबवल्यानेही तेच होतं.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून नाचणीची बिस्किटं सगळीकडे दिसतात. घेण्याआधी मैदा आणि साखर किती, ते नक्की वाचा.

यूपीआयमुळे पैसे थेट मावशींच्या खात्यात जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्या भाव फार कमी लावतात. आज मी तसं बोललेही. "गिऱ्हाईक तुटंल ना," म्हणाल्या. भिजवण्या-वाळवण्याची, चाळण्याची मेहनत भावात धरायलाच हवी.

कुणाला हवं असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देते. पावसाळ्यात वाळवण अडतं, तेव्हा थोडा उशीर होईल.