वायफाय गेलेल्या फोनला कॉम्प्युटरचं नेट

आजीच्या जुन्या अँड्रॉइडचं वायफाय गेलंय. सेटिंगमधलं बटण करडं पडलंय, कितीही दाबलं तरी सरकत नाही. दुरुस्तीवाले म्हणाले, "ताई, बोर्डाचं काम आहे, फोनच्या किमतीएवढा खर्च येईल." सिम केव्हाच बटणांच्या फोनमध्ये गेलंय. पण याची स्क्रीन मोठी आणि आवाज खणखणीत. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघाली की तिचे व्हिडिओ आजीला याच फोनवर बघायचे असतात. असा धडधाकट फोन भंगारात टाकणं मला पटतच नाही.

पंचवटीतल्या आमच्या घरी कॉम्प्युटरला लॅन केबलने ब्रॉडबँड येतं. फोनचं नेट कॉम्प्युटरला द्यायचं तर यूएसबी टेदरिंग चालू केलं की झालं. मला हवं होतं नेमकं उलटं. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये साधं बटण नाही, आणि शोधायला गेलं की बरेच जण आधी फोन रूट करायला, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं तोडून पूर्ण ताबा घ्यायला सांगतात. आजीच्या फोनवर तसले प्रयोग नकोत.

रूट न करता हे काम करणारा एक फुकट, ओपन सोर्स प्रोग्रॅम आहे. रोमां व्हिमाँ या फ्रेंच प्रोग्रॅमरने जेनिमोबाइल कंपनीत असताना तो लिहिला आणि 2017 मध्ये खुला केला. 'टेदरिंग'चं इंग्रजी स्पेलिंग उलटं टाइप केलंत की गिटहब या ओपन सोर्स प्रोग्रॅमच्या साइटवर सापडतो. फोनमध्ये अँड्रॉइड 5 किंवा त्यापुढचं हवं.

त्याची युक्ती मला फार आवडली. फोनमध्ये एक छोटं व्हीपीएन अॅप बसतं. फोनवरून बाहेर जाणारं सगळं ते अडवतं आणि यूएसबी केबलमधून कॉम्प्युटरकडे पाठवतं. तिथला प्रोग्रॅम कुठल्याही ब्राउझरसारखी साधी कनेक्शन्स उघडतो आणि आलेलं उत्तर त्याच वाटेने परत देतो. त्यामुळे कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगला हात लावावा लागत नाही. पिंग, म्हणजे समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघायची छोटी हाक, मात्र यातून जात नाही, म्हणून नेट आलं का ते पिंग करून तपासू नका, सरळ एखादी वेबसाइट उघडा.

फोनच्या 'अबाउट'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स दिसतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं. कॉम्प्युटरवर गूगलचं एडीबी, म्हणजे केबलमधून फोनला आज्ञा देणारं साधन लागतं. केबल जोडल्यावर फोन परवानगी विचारतो, ती द्यायची. मग कॉम्प्युटरच्या कमांड विंडोत प्रोग्रॅमच्या नावापुढे 'रन' लिहून एंटर. व्हीपीएनला होकार दिला की वर किल्लीचं चिन्ह येतं आणि नेट सुरू.

खरी अडचण केबलची येते. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन चार्ज होतोय पण कॉम्प्युटरला दिसत नाही, असं झालं तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी केबल बदला.

आणि काम झालं की डिबगिंग बंद करा, कृपा करून. परवानगी दिलेला कॉम्प्युटर त्या वाटेने फोनमध्ये अॅप टाकू शकतो, फाइल्स काढू शकतो. शिवाय बँकांची काही अॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसली की उघडतच नाहीत, म्हणून पैशांचे व्यवहार असलेल्या फोनवर हा उद्योग नकोच.