प्रमोशनची फाईल, रिसर्च स्कोअर आणि माझे ४५ क्यूब

मागच्या महिन्यात दोन ज्युनिअर कलीगनी विचारलं की मॅडम कॅसची (म्हणजे सेवेतल्या प्रमोशनच्या योजनेची) फाईल कशी केली, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी एका विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागात सिव्हिल शिकवते. लेव्हल १२ वरून १३ए म्हणजे असोसिएट प्रोफेसर व्हायचं होतं आणि आम्हाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतला तक्ता लावला होता. किमान ७ पेपर, त्यातले ३ मूल्यांकनाच्या काळातले, पीएचडीच्या एका विद्यार्थ्याला गाईड केल्याचा पुरावा आणि रिसर्च स्कोअर ७०.

आता हा स्कोअर कसा मोजतात ते नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. इंजिनिअरिंगला एका पेपरचे मूळ गुण ८. जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरचे इतर संशोधक सरासरी किती संदर्भ देतात तो आकडा) नसेल तर वर ५, आणि २ ते ५ च्या मधला असेल तर वर २०. म्हणजे साधा पेपर १३ चा आणि चांगल्या जर्नलमधला २८ चा. तीन लेखक असतील तर पहिल्या लेखकाला किंवा करस्पाँडिंगला (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला) ७० टक्के, बाकीच्यांना ३०. त्यामुळे २८ चे एकाला १९.६ आणि दुसऱ्याला ८.४ मिळतात. माझ्या विभागात नावांच्या क्रमावरून दोन माणसं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती, आणि मला दोघांचंही वाईट वाटतं, कारण कामं दोघांनीही केली होती.

माझा जो २८ चा पेपर आहे तो उसाच्या चिपाडाच्या राखेवर. बॉयलरमधून निघालेली राख आणायची, वाळवायची, चाळायची, बॉल मिलला दळायची आणि काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी ५, १०, १५, २० टक्के घालून बघायची. बिनराखेचं धरून पाच मिक्स, प्रत्येकाचे ७, २८ आणि ९० व्या दिवशी फोडून ताकद मोजायला तीन तीन असे ४५ क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, एकेक साधारण ८ किलोचा. लॅब असिस्टंट दादा आणि माझी एमटेकची विद्यार्थिनी मिळून सगळे उचलायचे, मार्करने नंबर टाकायचे आणि टाकीत सोडायचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळे क्यूब पाण्यातच होते. विभागाला कुलूप. २८ दिवस उलटून गेले, ९० पण गेले, परत आलो तेव्हा त्यांच्या आकड्यांना काही अर्थ उरला नव्हता. त्याच राखेचं दुसरं पोतंही राहिलेलं नव्हतं, म्हणून पुढच्या गळीत हंगामाची वाट बघितली, आणि नवीन राखेत न जळलेला कार्बन जास्त निघाला म्हणून दळण्याची वेळच नव्याने ठरवावी लागली. पहिल्या जर्नलने पाच महिन्यांनी नाकारला. दुसऱ्याच्या रिव्ह्युअरने (छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने) एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी राखेतले घटक ओळखायची चाचणी, मागितली, ती बाहेरच्या लॅबमधून स्वतःच्या पैशाने करून आणली, आणि खरं सांगते, त्या रिव्ह्युअरमुळेच १५ टक्के राखेच्या पुढे ताकद का कमी होते ते आम्हाला कळलं.

आणि माझ्याच यादीत दुसरा एक पेपर होता. २०१७ सालचा. तेव्हा विभागात सगळ्यांनाच घाई होती, जर्नल यूजीसीच्या मान्य यादीत होतं, २५०० रुपये भरले आणि दोन दिवसांत स्वीकारल्याचा मेल आला. रिव्ह्युअरची एक ओळसुद्धा नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ जर्नल यादीतून काढली त्यात तेही गेलं. त्याच वर्षी पुण्याच्या संशोधकांनी, डॉ. भूषण पटवर्धन त्यात होते, विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली जर्नल तपासली होती आणि इंडेक्स नसलेल्यांपैकी (मोठ्या संशोधन-सूचींमध्ये नोंद नसलेल्यांपैकी) ८८ टक्के हलक्या दर्जाची असू शकतात असं म्हटलं होतं. ते वाचून मला झोप लागली नव्हती, कारण त्या पेपरवर माझ्याबरोबर एका विद्यार्थ्याचंही नाव होतं.

फाईल करताना एका सीनिअर सरांनी सांगितलं, मॅडम, पेपरची तारीख जर्नल यादीतून काढण्याच्या आधीची आहे, राहू द्या, कोण बघतंय. ते माझ्या भल्यासाठीच म्हणाले. पण मी तो काढला. तो काढल्यावर स्कोअर ६६ वर आला आणि म्हणून मी फाईल त्या वर्षी दिलीच नाही, राखेवरचा दुसरा पेपर छापून येईपर्यंत थांबले. एक वर्ष गेलं, आणि घरी गृहकर्जाचा हप्ता चालू असताना ते वर्ष जाणवतं. फाईल करणाऱ्यांनी एवढं करा: प्रत्येक पेपरबरोबर रिव्ह्युअरच्या कमेंट आणि तुमचं उत्तर जोडा, जर्नलची मूळ वेबसाईट आयएसएसएनवरून (जर्नलच्या ओळख क्रमांकावरून) तपासा कारण हुबेहूब नकली साईट असतात, आणि सहलेखकांच्या सह्या पेपर पाठवतानाच घेऊन ठेवा. मुलाखतीत तज्ज्ञांनी माझे रिव्ह्युअरचे कागद उघडून पाच मिनिटं वाचले आणि सगळे प्रश्न राखेवरच विचारले. तीन महिन्यांनी ऑर्डर आली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीही (मान्य जर्नलची नंतरची यादी) बंद केली, आता कुठलं जर्नल चालेल हे संस्थांनीच ठरवायचंय. आमच्या विभागाच्या समितीत मी आहे. रिव्ह्युअरच्या कमेंट जोडल्याशिवाय पेपर मोजायचा नाही असं मी लेखी दिलंय, आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचंय.