मेफ्लॉवर: ६६ दिवसांच्या आधीचे ३२ दिवस

इंग्लंडहून अमेरिकेत वसायला निघालेल्यांच्या मेफ्लॉवर जहाजाचा विषय निघाला की ‘६६ दिवसांचा प्रवास’ हमखास येतो. ६ सप्टेंबर १६२० ला इंग्लंडचं प्लिमथ सोडलं, ११ नोव्हेंबरला अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडच्या आडोशाला नांगर टाकला. आकडा बरोबर आहे. (तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या, आजच्या हिशेबात दहा दिवस मिळवायचे.) पण जहाज साउदॅम्प्टनहून निघालं होतं ५ ऑगस्टला. तिथून मोजले तर ९८ दिवस होतात, आणि शिधा त्या पहिल्या दिवसापासून खाल्ला जात होता.

मधले ३२ दिवस खाल्ले ते जोडीच्या स्पीडवेलने. ६० टनांचं हे छोटं जहाज गळायला लागलं. आधी डार्टमथला परत, दुरुस्ती, पुन्हा निघणं, पुन्हा गळती, मग प्लिमथला. त्याला आकारमानापेक्षा मोठ्या डोलकाठ्या बसवल्या होत्या. उंच काठीवर शिडांचा जोर आला की सगळा ताण खालच्या सांगाड्यावर जातो, फळ्या एकमेकींवर सरकतात आणि फटींत ठासलेलं भरण सुटतं. बंदरात काठी शांत असते, त्यामुळे तिथे दोष दिसत नाही. शेवटी स्पीडवेल सोडून दिलं. वीसेक जण मागे राहिले, बाकीचे मेफ्लॉवरवर कोंबले गेले: १०२ प्रवासी, शिवाय खलाशी. त्याआधीच बंदराची देणी भागवायला ६० ते ८० पिंपं लोणी विकून झालं होतं.

मेफ्लॉवर होतं मालवाहू, सुमारे १८० टनांचं. प्रवाशांची सोय दोन डेकच्या मधल्या जागेत, उंची जेमतेम साडेपाच फूट. वादळात चूल पेटवता येत नाही, म्हणजे कडक बिस्किट आणि खारवलेलं मांस गार खायचं. अर्ध्या वाटेवर मुख्य तुळयांपैकी एक वाकून तडकली. हॉलंडहून आणलेला एक भला मोठा लोखंडी स्क्रू सामानात होता. तो फिरवून तुळई जागेवर उचलली, खालच्या डेकवर भक्कम टेकू उभा केला आणि वरच्या डेकच्या फटी बुजवल्या. त्यानंतर शिडांवर फार ताण द्यायचा नाही, असं ठरलं.

उत्तर अटलांटिकवर वारा मुख्यतः पश्चिमेचा, म्हणजे जाताना तोंडावर. हेच जहाज ५ एप्रिल १६२१ ला रिकामं निघालं आणि ६ मेला इंग्लंडात पोचलं. निम्म्याहून कमी वेळ! जेम्सटाउनवाल्यांनी (अमेरिकेतल्या आधीच्या इंग्रज वसाहतीच्या लोकांनी) १६०६ च्या डिसेंबरात निघताना कॅनरी बेटं आणि वेस्ट इंडीजवरून लांबचा वळसा घेतला, तो तिथल्या पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांसाठी. तरीही सुरुवातीचे कित्येक आठवडे उलट्या वाऱ्यामुळे ते इंग्लंडच्या किनाऱ्यालाच अडकले होते.

केप कॉडला पोचूनही सुटका नव्हती. किनारा धुंडाळायची मोठी होडी तुकडे करून डेकखाली ठेवली होती. प्रवासभर लोक तिच्यावर झोपले, त्यामुळे सांधे इतके उघडले की सुताराला ती सज्ज करायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. तोवर उथळ पाण्यातून, ऐन गारठ्यात, चालतच किनाऱ्यावर जायचं. सर्दी-खोकला तिथूनच सुरू झाला. पहिल्या सामाईक घराचं काम सुरू झालं २५ डिसेंबरला, आणि वसंतापर्यंत १०२ पैकी जवळपास निम्मे गेले. समुद्रावर मात्र एकच प्रवासी दगावला होता. ताजं अन्न न मिळता महिने उलटले की स्कर्व्ही धरते. ऑगस्टपासून मोजा, म्हणजे ती नेमकी हिवाळ्यातच का उसळली ते कळतं.

मेफ्लॉवरवरच्या प्रवाशांपैकी एक, एडवर्ड विन्सलो, याने डिसेंबर १६२१ मध्ये मागून येणाऱ्यांसाठी पत्र लिहिलं. माझ्या मते या सगळ्या कागदपत्रांतलं सर्वांत कामाचं तेच. बिअर आणि पाण्याच्या पिंपांपैकी निदान पहिल्या थरातली तरी लोखंडी कड्यांची हवीत. पीठ पिंपात इतकं ठासून भरा की काढताना तासणी किंवा कुऱ्हाड लागावी. मांस कोरडं खारवू नका, ते काम खलाशांकडून करून घ्या. बिस्किटांची कोठी चांगली असू द्या. लिंबाचा रस आणा आणि उपाशीपोटी घ्या. खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचं तेल. बंदूक लांब नळीची.

यातली बिस्किटांची सूचना उगाच आलेली नाही. त्याच नोव्हेंबरात फॉर्च्यून जहाज ३५ नवी माणसं घेऊन आलं होतं. त्यांच्याकडे बिस्किट नव्हतं, अंथरूण नव्हतं, स्वयंपाकाचं भांडंही नव्हतं. वसाहतीचा शिधा निम्म्यावर आणावा लागला. पत्र गेलं ते याच फॉर्च्यूनच्या परतीच्या फेरीने.