पेंढी केवढी बांधायची?

मेथी पेरायला फारसं काही लागत नाही आणि उगवायचं काम तर ती स्वतःच करते, चार-पाच दिवसांत. शाळेच्या परसात मुलांनी भाजीचा धंदा मांडला की पहिली खरी अडचण येते ती पेंढी बांधताना. पाचवीतल्या मुलीची मूठ केवढी आणि सातवीतल्या मुलाची केवढी! दोघांनी 'एक मूठ म्हणजे एक पेंढी' असं धरून बांधलं की एकाच बुट्टीत दोन मापांचा माल दिसतो. घ्यायला आलेली बाई अर्थातच वरच्या बारीक पेंढ्या बाजूला सारून तळातली जाडजूड पेंढी काढते. शेवटी उरतात त्या पाचवीच्या पेंढ्या, आणि पाचवीच्या मुलांना वाटतं की आपली मेथी कडू निघाली.

यावर उपाय बांगडीचा. काचेची नको, फुटते. प्लास्टिकची, दोन-सहाच्या मापाची. देठांचा जुडगा बांगडीतून सैल न राहता आणि न दाबता सरकला की पेंढी झाली. मात्र बांगडी ठरवण्याआधी दहा पेंढ्या तराजूवर टाकून बघाव्यात. एकेक पेंढी पाव किलोच्या आसपास बसली तर ती बांगडी मेथीची, नाहीतर पुढचं माप घ्यायचं. कोथिंबिरीला लहान बांगडी लागते, कारण तिची पेंढी दिसते मोठी आणि वजनाला हलकी. बांधायला केळीचा वाळका सोप, म्हणजे खोडावरची साल, अर्धा तास पाण्यात भिजवून, उभा चिरून घ्यायचा. रबर सोपं वाटतं, पण ते कोवळ्या देठात रुततं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच भाजी काळी पडते.

पेंढीचं माप ठरलं की बाकीचं गणित उलट्या दिशेने मांडता येतं. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा घ्या. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नेऊ नये, मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे. नाहीतर ते वाफ्यात पाय देतं आणि माती दडपते. अशा वाफ्याला कुजलेलं शेणखत दहा किलो. ताजं शेण घातलं तर हुमणी येते आणि तणही येतं. मेथीचं बी वीसेक ग्रॅम, वीतभर अंतराच्या ओळींत, बोटाच्या पहिल्या पेराइतकं खोल. सगळं नीट जमलं तर महिन्याने तीन किलोच्या आसपास भाजी, म्हणजे बारा पेंढ्या. यापेक्षा जास्तीचं स्वप्न मुलांना दाखवू नये.

बी किराणा दुकानातल्या मेथीचंही चालतं, पण आधी परीक्षा घ्यायची. ओल्या फडक्यात वीस दाणे गुंडाळून ठेवायचे आणि चौथ्या दिवशी मोजायचे. सोळा उगवले तर शंभरात ऐंशी. दहाच उगवले तर ती मेथी फोडणीत घालावी. धण्याची गोष्ट वेगळी. एका धण्यात दोन बिया असतात. तो फरशीवर चपलेखाली हलकेच रगडून दोन फाकी करायचा, रात्रभर भिजवायचा, तरीही उगवायला आठ-दहा दिवस घेतो. याच दिवसांत मुलं उकरून बघतात. मुळ्याचं तर विचारूच नका. केवढा झाला हे पाहायला उपटलेला मुळा परत लावता येत नाही, हे प्रत्येक वर्गाला स्वतःच शिकायचं असतं.

खरी चूक मात्र पेरणीच्या दिवशीच होते. उत्साहात पाचही वाफे एकदम पेरले जातात. महिन्याने साठ पेंढ्या एकाच दिवशी तयार, घ्यायला गाव तेवढंच, आणि पुढचे चार विक्रीचे शनिवार हात रिकामे. दर सोमवारी एकच वाफा पेरायचा. पाचवा पेरून होईतो पहिला काढणीला येतो. तो मोकळा करून खत घालायचं आणि त्यात मेथीऐवजी पालक किंवा लाल माठ टाकायचा. माठाचं बी इतकं बारीक की मूठभर वाळूत मिसळल्याशिवाय ते सारखं पडत नाही, शिवाय वाफ्याभोवती राखेची रेघ ओढली नाही तर मुंग्या ते ओळीने वाहून नेतात. पालक उपटायचा नाही, जमिनीपासून दोन बोटं वर कापायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो, तीन-चार वेळा तरी. बियाच्या एकाच खर्चात तीन-चार काढण्या, हे मुलांना कुठल्याही भाषणापेक्षा लवकर पटतं.

विक्रीला शनिवार अशासाठी की आपल्याकडे, बेळगाव भागात, त्या दिवशी शाळा सकाळची. भाजी शुक्रवारी उन्हं उतरल्यावर उपटायची, मुळांची माती झटकायची, ओल्या पोत्याखाली सावलीत उभी ठेवायची. धुवायचा मोह होतो, पण पानांत पाणी राहिलं की ढिगातली भाजी आतून तापते आणि सकाळी वास मारते. पाणी शिंपडायचं ते विकायला बसल्यावर.

पाऊस हा या धंद्यातला न विचारता आलेला भागीदार. बेळगावच्या दक्षिणेला, खानापुराकडे, माती तांबडी आणि जुलैचा पाऊस असा की पालेभाजी वाफ्यातच कुजते. त्या दिवसांत वाफे वीतभर उंच करून भेंडी, आणि मांडवावर दोडका-काकडी. मेथी-कोथिंबीर पाऊस ओसरला की. अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीत पाऊस कमी, पण पाणी मुरत नाही आणि वाळली की भेगा. तिथे वाफ्यात थोडी वाळू आणि भरपूर खत लागतं. भेंडी लावली तर दिवसाआड तोडलीच पाहिजे. रविवार आणि वर सणाची सुट्टी आली की ती जून होते, आणि जून भेंडी बोटाने मोडून बघणारी गिऱ्हाइकं आपल्याकडे कमी नाहीत.

उन्हं तापली की एका वाफ्याला रोज अठरा-वीस लिटर पाणी, म्हणजे दहा लिटरच्या दोन झाऱ्या. इथे कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्याचीच भीती. सहावीला वाटतं पाचवीने घातलं नसेल, सातवीला वाटतं सहावीने घातलं नसेल, आणि वांग्याची कोवळी रोपं देठाशी मऊ पडून आडवी होतात. पाणी घातलं की वाफ्याच्या कोपऱ्यात काठी उभी करायची. काठी उभी असेल तर झारी खाली.

आता वही. रकाने: तारीख, वाफ्याचा नंबर, पेंढ्या निघाल्या किती, रोखीत किती, उधार किती, स्वयंपाकघरात किती, खराब किती. मुलं शेवटचा रकाना रिकामा सोडतात, लाज वाटते म्हणून. पण दर शनिवारी दोन पेंढ्या खराब होत असतील तर चूक काढणीत आहे, मापात आहे की भावात, हे त्याच रकान्यातून कळतं. पैसे ज्याच्या डब्यात त्याच्या हाती वही द्यायची नाही, एवढा एक नियम पुरे.

हिशोब असा. समजा पेंढी १० रुपयांना. बारा निघाल्या, नऊ रोखीत गेल्या, एक उधारीवर, दोन सुकल्या. रोख ९० रुपये, येणे १०, एकूण उत्पन्न १००. खर्च बियाचे ३ आणि विकत घेतलं असं धरून खताचे ५०. नफा ४७ रुपये, त्यातले १० अजून बाहेर. उधारीची पेंढी तोट्यात धरायची नाही आणि डब्यातही धरायची नाही, हे पुस्तकातल्या नफा-तोट्याच्या धड्यात इतकं लख्ख दिसत नाही. शिवाय उधारीच्या पानावरची पहिली ओळ बहुधा शिक्षकांच्याच खोलीतली असते, तेव्हा वसुली शिकायचीही चांगली सोय होते.

दुपारच्या बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या गरम जेवणाच्या, स्वयंपाकाला दिलेल्या पेंढ्याही वहीत भाव लावूनच लिहाव्यात, पैसे मिळोत न मिळोत. फुकट दिलेलं वहीत दिसलं नाही की बागेने काही दिलंच नाही असं वर्षअखेरी वाटू लागतं. मेथी निवडल्यावर अर्धीअधिकच उरते, त्यामुळे एका वाफ्याची भाजी आमटीत मावते, सुक्या भाजीला पुरत नाही. स्वयंपाकाच्या मावशींना हे आधीच सांगून ठेवावं.

फाटकाशी विकायला बसलेल्या मुलांना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा लागतात. "एष्टु?" असं कुणी विचारलं की "हत्तु" म्हणायचं, "केवढ्याला दिली गा?" म्हटलं की "दहाला". मेथीला मेंत्या, कोथिंबिरीला कोत्तंबरी, पेंढीला कट्टु. घासाघीस मात्र दोन्ही भाषांत सारखीच होते. "तीन घेतल्या तर पंचवीस?" याला हो म्हणायचं की नाही, हे किती वाजलेत यावर ठरवावं. सकाळी आठला नाही, अकराला हो.

दसऱ्याची सुट्टी वहीत जूनमध्येच लाल शाईने लिहून ठेवावी आणि तिच्या आधीचा महिनाभर मेथी पेरणं थांबवावं. सुट्टीत सांभाळून राहणारं पीक म्हणजे रताळी, आणि ती बेळगाव भागाला काही नवी नाहीत. पावसाच्या सुरुवातीला वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे वेलाचे तुकडे वरंब्यावर लावायचे. चार महिन्यांनी, म्हणजे शाळा परत भरल्यावर, काढणी. मधे दोन-तीनदा वेल उचलून उलटा टाकावा लागतो, नाहीतर पेरापेराला मुळं धरतात आणि खाली करंगळीएवढी रताळी. ही पेंढीत बांधता येत नाहीत, म्हणून मुलांना तराजू वापरायला मिळतो, त्याचंच अप्रूप जास्त.

नोव्हेंबरात पेरलेल्या मेथीच्या एका वाफ्याचा कोपरा मात्र उपटायचा नाही. त्याला फुलं येतात, बारीक वाकड्या शेंगा धरतात, मार्चमध्ये पिवळ्या पडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्या झोडून, बी दोन उन्हं दाखवून, थोड्या राखेसकट काचेच्या बाटलीत भरायचं. कापडी पुरचुंडी उंदीर जूनपर्यंत ठेवत नाहीत. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वाफ्याचा नंबर. बाटलीच्या गळ्यात कुणीतरी ती बांगडीही अडकवून ठेवतं, आणि चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात लिहितं: पुढच्या वर्षी १२ रुपये.